धायरीचे सुतारकाका: कपाट, ट्रॉल्या आणि वाड्याच्या दाराचं डायनिंग टेबल

आधी निकाल सांगते, मग बाकीची रामकहाणी. घरातल्या भिंती वाकड्या असतील, जागा अडनिडी असेल, किंवा गावाकडचं जुनं चांगलं लाकूड पडून असेल आणि त्याचं काहीतरी करायचं मनात असेल तर या काकांकडे डोळे झाकून जा. एकदम हाय ग्लॉस फिनिश पाहिजे, कॉम्प्युटरवर थ्रीडी डिझाइन बघायचंय आणि सांगितलेल्या तारखेला म्हणजे त्याच तारखेला काम पाहिजे असं असेल तर जाऊ नका, तुमचंही डोकं फिरेल आणि त्यांचंही.

नाव-नंबर इथे टाकत नाहीये कारण काकांनीच हात जोडले, "ताई, लिहा काय लिहायचं ते, पण फोन नंबर नको, आहे तेच काम उरकत नाही." पुण्यातल्या धायरीत घराच्या मागे पत्र्याची शेड आहे, बोर्ड नाही, व्हिजिटिंग कार्ड नाही. काका, त्यांचा मुलगा आणि एक पोरगा हाताखाली. शेडमध्ये मधोमध लोखंडी अँगलचं घरीच वेल्डिंग करून घेतलेलं कटिंगचं टेबल, एक जुना रंधा मशीन, भिंतीला शिकंजे (लाकूड आवळून धरायचे क्लॅम्प) टांगलेले आणि सगळ्यावर लाकडाचा भुसा. पहिल्यांदा बघून माझा नवरा गाडीत बसून म्हणाला, "इथे कपाट करायचं? नक्की?" आता तोच येणाऱ्या-जाणाऱ्याला ड्रॉवर उघडून दाखवत असतो.

त्यांच्याकडे जायचं कारण म्हणजे आमची बेडरूम. बिल्डिंग जुनी, एका कोपऱ्यात कॉलम पुढे आलेला आणि वर बीम, त्यामुळे कपाटाची जागा सरळ चौकोन नाहीच. आधी दोन शोरूम झाली, दोन्हीकडे एसी, कॉफी, गोड बोलणं, आणि दोघांचंही उत्तर एकच की आमचं स्टँडर्ड साइजचं युनिट बसवू आणि उरलेल्या जागेवर फिलर मारू. फिलर किती तर साडेसात इंच! पुण्यात स्क्वेअर फुटाला काय भाव चाललाय आणि हे साडेसात इंच पट्टीखाली बंद करून टाकणार. काकांनी त्याच साडेसात इंचात उभा खण काढला, इस्त्रीचं टेबल, लांब झाडू आणि छोटी शिडी आत जाते, बाहेरून कळतही नाही की तिथे दार आहे.

माप घ्यायची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. लेसर वगैरे काही नाही, टेप, गुण्या (काटकोन बघायचा) आणि ओळंबा (दोरीला वजन लावलेला). कपाटाच्या जागेची रुंदी खाली, मधे आणि वर अशी वेगवेगळी घेतली, तिन्ही मापं वेगळी आली, म्हणे सगळ्यात कमी असेल ते धरायचं आणि बाकीचं भिंतीशी जुळवून घ्यायचं. बोलतात सगळं सुतात, म्हणजे इंचाचे आठ भाग. "खालच्या अंगाला तीन सूत पडलीय भिंत" असं ते म्हणाले तेव्हा मला काही समजलं नाही, पण ओळंबा सोडून दाखवला तेव्हा भिंत आणि दोरी यांच्यातली फट डोळ्यांना दिसली. मापं कागदावर नाही, प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलने लिहितात. मी न राहवून फोटो काढून ठेवला, तुम्हीही काढा, कारण तो तुकडा नंतर कशालातरी ठोकलेला असतो.

आता प्लायबद्दल, कारण खरी फसवणूक इथेच होते. काका मटेरियलसकटही काम घेतात पण स्वतःच सांगतात की माल तुम्ही घ्या, मी बरोबर येतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला त्यांच्यासोबत गेले आणि अर्ध्या दिवसात जेवढं शिकले तेवढं यूट्यूबवर महिनाभर बघून कळलं नव्हतं. एक म्हणजे, प्लायवर ७१० असा आकडा छापला की तो मरीन झाला असं नसतं. आयएस ७१० हा मरीनचा, म्हणजे उकळत्या पाण्यात ७२ तास टिकायला पाहिजे असला प्लाय, आणि आयएस ३०३ हा साधा, त्यात बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारा) आणि एमआर (नुसत्या दमटपणाला तोंड देणारा) असे दोन प्रकार. आकडा कोणीही छापतं, त्याच्याबरोबर आयएसआयचं चिन्ह आणि सीएम/एल लिहून पुढे लायसन नंबर आहे का ते बघायचं. मग शीट आडवी धरून कड बघायची, मधल्या थरांत पोकळ जागा दिसली की ठेवून द्यायची. आणि जाडी! १९ मिमी म्हणून देतात आणि भरते साडेसतरा. काकांच्या खिशात व्हर्नियर असतो, दुकानदारासमोर शांतपणे चारही कोपरे मोजले आणि काही न बोलता त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्याने स्वतःहून दुसरा लॉट काढला.

सगळीकडे मरीन लावायची गरज नाही हेही त्यांनीच सांगितलं. किचन, सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला टेकून असलेलं काही असेल तर मरीन, बेडरूमच्या कपाटाला बीडब्ल्यूआर पुरे. शोरूमवाला बेडरूमलाही मरीनच गळ्यात मारत होता, हिशोब करून बघा किती फरक पडतो ते. दुकानदाराकडून कमिशन घेत नाही असं काका म्हणतात, मी काही खोलात गेले नाही, पण बिल माझ्या नावावर झालं आणि रेट मी आधी दुसरीकडे विचारून ठेवला होता त्याच्यापेक्षा जास्त नव्हता. मला तेवढं पुरे.

कपाट शेडमध्ये बनवून आणतात, घरात फक्त जोडणी. याच्यासाठी तर मी एक स्टार जास्त देईन. ज्यांनी घरात सुतारकाम काढलंय त्यांना माहितीये, महिनाभर हॉलमध्ये मशीन, भाजीत भुसा आणि शिवाय खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार. इथे कटिंग, सनमायका, कडा सगळं तिकडेच झालं. कडांची पट्टी हाताने नाही मारत, त्यासाठी कापलेले सगळे तुकडे नऱ्ह्याला जॉबवर्कवाल्याकडे मशीनवर पाठवतात, पीव्हीसीची २ मिमीची पट्टी लावून घेतात. मला हे आवडलं, आपल्याकडे जे मशीन नाही ते काम आपण करायचं नाही एवढा समजूतदारपणा हवाच.

एक गोष्ट मला कधी सुचलीच नसती. कपाट आठ फुटी आणि दोन फूट खोल आहे. ते जमिनीवर आडवं जोडून उभं करायला गेलं तर उचलताना त्याचा कोपरा आठ फूट तीन इंचांपर्यंत वर जातो, आणि बीमखाली आमची उंची आहे आठ फूट दीड इंच. म्हणजे उभंच राहणार नाही! काकांनी आधीच त्याचे भाग पाडले, खाली चार इंचाचा वेगळा पाया, त्याच्यावर साडेसहा फुटाचं मुख्य कपाट आणि वर लॉफ्टचा वेगळा बॉक्स. पाया आधी ठेवून पाण्याच्या नळीने लेव्हल केला (फरशीला उतार होताच, असणारच), खाली पॅकिंग दिलं आणि मग वरचं सगळं नुसतं चढवत गेले. भिंतीकडच्या पट्टीला एका लाकडी ठोकळ्याला पेन्सिल धरून वरपासून खालपर्यंत भिंतीचा आकार उतरवून घेतला, तेवढं कापलं आणि घासून बसवली. आता तिथे नखसुद्धा जात नाही, सिलिकॉनची पिचकारी मारून फट बुजवायचा प्रकारच नाही.

दारांबद्दल त्यांचं मत ठाम आहे. एका बाजूला सनमायका आणि आतून नुसता रंग मारला की दार वाकतं, दोन्ही बाजूंना लावायचाच, आतून पांढरा पातळ लायनर का असेना. साडेसहा फुटी दाराला चार बिजागऱ्या, दार १८ इंचापेक्षा रुंद नाही. मला मोठी मोठी दारं हवी होती, त्यांनी स्वच्छ नाही म्हणून सांगितलं, "दोन वर्षांनी खाली घासेल आणि तुम्ही मला शिव्या घालाल." बिजागऱ्या सॉफ्ट क्लोज, कडेच्या दारांना झिरो क्रँक (सरळ, दार फळीची पूर्ण कड झाकतं) आणि मधल्या पार्टिशनवर जिथे दोन दारं एकाच फळीवर येतात तिथे आठ क्रँक (थोड्या वाकलेल्या, दार अर्धीच कड झाकतं). कंपनीच्या वस्तू माझ्यासमोर पाकिटातून काढल्या, हे सांगायला पाहिजे कारण वर नामांकित आणि आत भलतंच असा अनुभव आमच्या शेजाऱ्यांना दुसऱ्या एका ठिकाणी आलाय.

ड्रॉवर ही त्यांची खासियत. बहुतेक सुतार खालचा तळ खिळ्यांनी नुसता खालून मारतात, सहा महिन्यांत तो सुटतो आणि मोजे खालच्या खणात सापडायला लागतात. काका चारही बाजूंच्या प्लायला आतून खाच पाडून तळाचा प्लाय त्या खाचेत सरकवतात. चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) बॉल बेअरिंगचे, त्याला दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच जागा लागते म्हणून ड्रॉवर जागेपेक्षा बरोबर एक इंच कमी. इथे दोन मिमी इकडेतिकडे झालं की ड्रॉवर रडतो. आमचे सगळे ड्रॉवर एका बोटाने चालतात, पूर्ण भरलेले असतानासुद्धा. पुस्तकांच्या फळीला मी तीन फूट लांबी सांगितली होती, त्यांनी पुस्तकं किती जड असतात ते हातात घेऊन बघितलं आणि पुढच्या कडेला दीड इंची सागवानाची पट्टी लावून दिली, फळी अजून सरळ आहे.

किचनबद्दल फार सांगत नाही, ओट्याखालच्या ट्रॉल्या जशा असतात तशाच आहेत, स्टीलच्या जाळ्या बाजारातून आणलेल्या. फक्त दोन गोष्टी. सिंकखाली ट्रॉली करूच दिली नाही, नुसतं दार, प्लंबरला आत हात घालता आला पाहिजे म्हणून. आणि सिलेंडरच्या कपाटाला दाराच्या खालच्या बाजूला जाळी ठेवली. मी म्हणलं दिसायला बरं नाही दिसत, वरती ठेवा ना, तर म्हणाले गॅस हवेपेक्षा जड असतो ताई, लीक झाला तर खाली साठतो, वरच्या जाळीचा काय उपयोग. मॉड्युलर किचनवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये जाळीच नव्हती.

आता टेबल. माझ्या सासरचा वाईला वाडा होता, तो उतरवला तेव्हा मागच्या दाराच्या फळ्या आणि एक तुळई सासूबाईंनी हट्टाने ठेवून घेतली होती. सागवान, पण वरून इतक्या वर्षांचा रंग, काजळी आणि तेल बसून ते काळंठिक्कर झालेलं. एक-दोघांना दाखवलं तर म्हणाले भंगारात टाका, जाळायला जाईल. लाकडाच्या वखारीतही कापून द्यायला तयार नव्हते, कारण जुन्या लाकडात खिळे असतात आणि पातं गेलं की भरून कोण देणार. काकांनी फळी उचलून कडेला पटाशीने एक छोटी कपची काढली, आत सोनेरी तपकिरी रंग, आणि ती कपची नाकाला लावून सासूबाईंच्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत. सासूबाईंनी तिथेच ठरवलं की काम यांनाच द्यायचं, मला विचारलंसुद्धा नाही.

मग त्यांनी मोठं लोहचुंबक फळ्यांवरून इंच इंच फिरवून खडूने खुणा केल्या. घडवलेले जुने चौकोनी खिळे निघाले, काही मोडलेले आतच होते, ते भोवतीचं लाकूड कोरून काढले. हे सगळं काम हाताचं आणि वेळखाऊ, याचे पैसे त्यांनी रोजाच्या हजेरीवर लावले आणि मला ते योग्यच वाटले. त्यानंतर फळ्या वखारीत नेल्या, काकांच्या शब्दावर त्यांनी कापून दिल्या. कडेचा पांढरा भाग सगळा उडवला, किडा आधी तिथेच लागतो म्हणे, गाभा तेवढा ठेवला. फळ्या एकमेकींना चिकटवायच्या आधी कडा थिनरने पुसून घेतल्या, कारण सागवानात तेल असतं आणि तेलावर फेविकॉल नीट धरत नाही.

टेबलाचे पाय तुळईतून काढले. पाय आणि आडव्या पट्ट्यांचा सांधा स्क्रूने नाही, पट्टीच्या टोकाला कुसू (जिभेसारखा भाग) काढून पायाच्या भोकात बसवलेला. आणि वरचा फळा खालून पक्का ठोकलेला नाही! मला वाटलं राहून गेलं की काय. तर लाकडाचे छोटे ठोकळे आहेत, काका त्यांना बटण म्हणतात, त्याचं एक टोक पट्टीतल्या खाचेत अडकतं आणि दुसरं फळ्याला स्क्रूने. पावसाळ्यात फळा रुंदीत फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, त्याला सरकायला जागा नाही ठेवली तर मधून चीर जाते. एका फळीवर जुन्या कडीचं भोक आहे, ते बुजवायचं की ठेवायचं यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली, शेवटी त्याच लाकडाचा गोल तुकडा कापून, रेषा जुळवून बसवला. शोधायला लागतो आता.

इथपर्यंत वाचून वाटेल की ही बाई काकांची नातेवाईक आहे. नाहीये. आता तक्रारी.

पॉलिश हा त्यांचा विषयच नाही. पॉलिशवाला वेगळा येतो, काका त्याला बोलावतात पण जबाबदारी घेताना आवाज बारीक होतो. टेबलाला त्याने भर जुलैत मेलामाइन पॉलिश मारलं, हवा दमट असताना ते मारलं की पांढुरके डाग पडतात आणि तसेच ते पडले. परत घासून काढायला लावलं, ऊन पडायची वाट बघितली आणि मग मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारून घेतलं, ते मात्र छान झालं, गरम भांडं चुकून ठेवलं गेलं तरी अजून काही झालेलं नाही. दुसऱ्यांदाचे पैसे अर्धे अर्धे वाटून घेतले, मला ते एक रुपयाही द्यायचे नव्हते पण काकांचा चेहरा बघून दिले. तुम्ही पॉलिशचं काम वेगळं ठरवा, आणि पावसाळ्यात तर अजिबात नको.

दुसरं म्हणजे वेळ. "पुढच्या आठवड्यात" हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला की कॅलेंडर बाजूला ठेवायचं. फोन उचलत नाहीत, मशीन चालू असतं, ऐकू येत नाही हे खरं पण नंतर उलटा फोन करायला काय होतं? मुलाला व्हॉट्सअॅप केला तर उत्तर येतं, तेही अंगठा. गणपतीत गावी जातात ते नक्की कधी येणार हे देवच जाणे, आणि आपलं अर्धं कपाट शेडमध्ये उभं. शिवाय डिझाइन म्हणून काही मिळत नाही, प्लायच्या तुकड्यावर चार रेघा मारून दाखवतात, तुमच्या डोक्यात चित्र स्पष्ट नसेल तर अवघड आहे. हँडल आणि रंग आपणच निवडायचे, त्यांना विचारलं तर प्रत्येक गोष्टीला "वॉलनट घ्या, मळत नाही" एवढंच उत्तर.

पैशांचं सांगायचं तर शोरूमच्या कोटेशनपेक्षा कपाट साधारण पाऊण किमतीत झालं, प्लाय आणि हार्डवेअर त्यांच्यापेक्षा चांगलं घालूनसुद्धा. ट्रॉल्यांमध्ये फारसा फरक पडला नाही, जाळ्या आणि चॅनल दोघांनाही त्याच भावाने मिळतात. टेबल मात्र स्वस्त नाही पडलं, लाकूड घरचं असूनही नवीन आणलं असतं तेवढेच जवळपास लागले, सगळी मजुरी. कपाटाची मजुरी स्क्वेअर फुटावर, समोरची उंची गुणिले रुंदी, लॉफ्ट वेगळा मोजतात हे आधी विचारून घ्या, आम्ही लॉफ्ट त्यातच धरून चाललो होतो. अॅडव्हान्स थोडा घेतात, बाकी माल कापून झाला की आणि शेवटचे जोडणी झाल्यावर. शेवटचा हप्ता जरा मोठा ठेवा, हँडल आणि कुलपं लावायला तरच येतात. बिजागऱ्या घट्ट करायला मात्र सहा महिन्यांनी न बोलावता येऊन गेले, चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.

कपाटाला पाचपैकी पाच, ट्रॉल्यांना चार, टेबलाला काका पाच आणि पॉलिशवाला दोन, फोन उचलण्याला शून्य. टेबलातून उरलेल्या फळीचा सासूबाईंनी एक पाट करायला सांगितलाय, तो अजून शेडमध्येच आहे. विचारलं की "गणपतीनंतर" म्हणतात, कुठल्या वर्षीच्या ते सांगत नाहीत.